खाचरातला मधला खड्डा

माझं ऑफिस लोअर परळला, काम मातीचं. जिथे गटाराची लाइन नाही तिथे घरं बांधायची, तर सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी तिथली जमीन मुरवून घेईल का, हे आम्ही तपासतो.

घोडपदेवला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक काका राहतात. वडील गिरणीत, हे स्वतः बँकेत, आता रिटायर. गावच्या पडीक भातशेतीत घर बांधायचं त्यांनी ठरवलं तेव्हा मला म्हणाले, "तूच ये गं बघायला. बाहेरचा माणूस कशाला?"

गेले. खाचरात खड्डे घेतले, पाणी भरून माती रात्रभर भिजू दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरायचं आणि ते किती वेगाने उतरतं ते पट्टी लावून बघायचं. भाताच्या जमिनीत वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते, खाली घट्ट थर बसतो, त्यामुळे पाणी सहसा हलत नाही. वरच्या बांधाजवळ ते सावकाश का होईना, उतरत होतं. मधल्या खड्ड्यात मी बादली ओतली आणि पाणी दिसेनासंच झालं. दुसरी ओतली, तीही गेली. खूप खालून, दगडावरून काही घसरत जावं तसा आवाज आला. मग शांत. आणि मग पुन्हा तोच आवाज, मी काहीच ओतलं नसताना.

भर दुपार होती, तरी अंगावर काटा आला.

"खेकड्यांची बिळं असतील," काका म्हणाले.

मी आणखी खणायला लावलं. जांभ्याचे घडवलेले चिरे निघाले, कसेही लोटलेले, मधे पोकळी.

"काका, इथे विहीर होती?"

"छे! आमच्या शेतात विहीर नव्हतीच कधी."

ते खोटं बोलत नव्हते. मुंबईत परतल्यावर त्यांनी हसत हसत हे सगळं आपल्या आईला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. आजी खिडकीजवळच्या कॉटवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"थंय बाव होती," त्या म्हणाल्या.

काकांचं हसू गेलं. "विहीर? कधी? मला कसं माहीत नाही?"

"तुझ्या जल्माआदी बुजवली. माजी नणंद पाण्याक गेली, ती परत इली नाय."

"मला आत्या होती?"

आजींनी लसणाची सालं गोळा केली. मी हळूच विचारलं, "पाय घसरला का हो, आजी?"

"ता कोणीच इचारूक नाय, बाय." मग त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार होती. "तुमची घाण तिच्या आंगार सोडू नकात."

विहीर नीट बुजवलेली नव्हती. तिथे सेप्टिक टँकचा शोषखड्डा केला असता तर मैल्याचं पाणी न गाळता थेट भूजलात गेलं असतं, खालच्या वाडीच्या विहिरींत उतरलं असतं. रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं आणि शोषखड्ड्याची जागा वरच्या बांधाकडे सुचवली. पण सही करताना कानात आजींचा आवाज होता.

घर झालं. चाळ सोडून कुठे न जाणाऱ्या आजी हट्टाने तिथे राहायला गेल्या. दिवाळीत मी भेटायला गेले, तर जेवणं झाल्यावर त्या खुर्ची घेऊन खाचरात, त्या मधल्या खड्ड्याच्या जागेपाशी जाऊन बसलेल्या.

"रोजचं आहे," काका पडवीतून म्हणाले. "मी जवळ गेलो की गप्प होते."

मी तिथूनच बघत राहिले. आजी हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. मग थांबल्या, मान कलती करून ऐकल्यासारखं केलं, आणि पदर तोंडाला लावून, नव्या नवरीसारख्या, हसल्या.