एकशे सत्तावीस अंश

केरबा तसा भट्टीचा माणूस. वाळूजच्या एका कारखान्यात गिअर तापवून कडक करायच्या खात्यात त्यानं एकतीस वर्षं काढली, आणि दर अर्ध्या तासाला भट्टीचं तापमान वहीत लिहिलं. मेंढरं राखणाऱ्या घरातून कारखान्यात गेलेला तो पहिलाच. अशा माणसाला साठीनंतर एका कम्प्युटरनं घोळात घ्यावं, ही काय रीत झाली? पण घेतलं खरं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा, दुष्काळाचं साल. पुंडलिकनगरात नळाला आठवड्यानं पाणी यायचं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर चार मजली इमारत झाली होती आणि तिच्या बोअरनं केरबाच्या बोअरमधलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतलं होतं. बायको बानाबाई जाऊन दोन वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा खंडेराव बंगळुरूला कम्प्युटरच्या कंपनीत. घरात बोलायला कुणी नाही, तेव्हा केरबा रेडिओवरच्या निवेदिकेला उत्तरं द्यायचा. आठवड्यात खरं बोलणं एकदाच, रविवारी सकाळी अकराला, खंडूच्या व्हिडिओ कॉलवर. आणि तोच कॉल आता मध्येच तुटायला लागला होता. कधी आठ मिनिटांत, कधी पाचच.

खंडूनं सांगितलं, प्रोसेसर तापत असेल. तापला की तो आपोआप मंद होतो आणि कॉल तुटतो. त्यानंच तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं. त्यात लाल अक्षरांत एकशे सत्तावीस अंश दिसले आणि केरबानं घाईघाईनं मशीन बंदच केलं. मशीन गेलं की रविवार गेला, एवढंच त्याला कळत होतं.

मग सुरू झाली सेवा. कूलरला पाणी नव्हतं, म्हणून हा गडी शनिवारची आंघोळ चुकवायचा आणि ती बादली रविवारी कूलरमध्ये ओतायचा. स्वतः घामानं निथळत बसायचा आणि कूलरचं तोंड मशीनकडं करून ठेवायचा. कोपऱ्यावरचा कम्प्युटरवाला बद्रीनाथ येऊन पंख्याची धूळ काढून गेला, प्रोसेसरवर उष्णता काढणारी नवी पेस्ट लावून गेला. आकडा एकशे सत्तावीसच. बद्रीनाथनं आपलं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, ते म्हणालं एकतीस. मशीन सुरू होताना एक बटण दाबलं की जो निळा पडदा येतो, त्याच्यावर छप्पन्न. एकाच मशीनचे तीन आकडे. बद्रीनाथ म्हणाला, काका, मधला धरा आणि निवांत राहा. केरबाला ऐकून चीडच आली. भट्टीवर असं मधलं धरलं असतं, तर अख्खा माल भंगारात गेला असता.

त्यानं वही काढली. तारीख, वेळ, तिन्ही आकडे आणि शेवटी शेरा, असे रकाने आखले. शहागंजातून एक थर्मामीटर आणून खोलीच्या भिंतीला लावला आणि कामाला लागला.

एकशे सत्तावीसचा निकाल आधी लागला. पहाटे गार मशीन सुरू केलं तरी एकशे सत्तावीस, दोन तास चालवलं तरी तेवढेच. भट्टीतल्या सेन्सरची तार तुटली की मीटर असाच वरच्या आकड्याला चिकटून बसायचा. म्हणजे त्या जागी सेन्सर जोडलेलाच नव्हता. मग एकतीस. भिंतीवरचा थर्मामीटर एकोणचाळीस सांगत होता. नुसत्या पंख्यावर चालणारी वस्तू खोलीपेक्षा थंड राहीलच कशी? मात्र मशीनला काम लागलं की बद्रीनाथचं सॉफ्टवेअरही पन्नास-साठच्या घरात जायचं आणि निळ्या पडद्याशी जुळायचं. मशीन रिकामं असताना ते थापा मारायचं, कामात असताना खरं बोलायचं. केरबाला असले दोन-तीन सुपरवायझर आठवले.

एकंदरीत मशीन ठणठणीत होतं. मंद पडायला नव्वदीच्या पुढं जावं लागतं, आणि हे पासष्टसुद्धा ओलांडत नव्हतं. केरबा पोरासारखा खूष झाला. मग कॉल तुटतो कशानं? नेटचा दोष असेल म्हणून त्यानं भर दुपारी दोन वाजता बद्रीनाथला व्हिडिओ कॉल लावला. बद्रीनाथनं फोन काउंटरवर उभा करून ठेवला आणि गिऱ्हाइकं करत राहिला. तास उलटला. कॉल एकदाही तुटला नाही.

तेव्हा केरबानं वही पुन्हा उघडली आणि फक्त रविवार वाचले. भट्टी बंद पडली की त्या क्षणी काय चाललं होतं ते शेऱ्यात लिहायचं, ही कारखान्याची सवय. त्या सवयीनंच त्यानं लिहीत नेलं होतं. चोपन्न अंश: घरी कधी येतो विचारलं, तुटला. एकसष्ट अंश: दिवाळीला येतो का विचारलं, तुटला. अठ्ठावन्न अंश: यायचं विचारलं, तुटला. सहा रविवार, सहा वेगळी तापमानं, आणि शेरा एकच.

त्यानं वही मिटली. पोराचा राग आला नाही. आपण दर रविवारी त्याला तेच विचारून कोंडीत धरत होतो, याची लाज वाटली. आणि एकटं वाटलं. इतकं एकटं त्याला बानाबाईच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यानं ते विचारलंच नाही. टँकरचं सांगितलं, समोरच्या इमारतीतल्या भांडणाची नक्कल केली. खंडू हसला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मग खंडूची नजर दोनदा बाजूला गेली.

"आबा, मशीन तापलं नाय ना?" त्यानं विचारलं.

पडद्याच्या कोपऱ्यात अठ्ठावन्न दिसत होते. एकतीस वर्षांत केरबानं तापमानाचा एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

"लई तापलंय रे लेका. पंच्याण्णव दाखवतंय. तुटायच्या आत मीच ठेवतो."

खंडूच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की केरबाला ते अगदी नीट दिसलं.