अक्काचे मांडे

परवा पिंप्राळ्यातल्या लॅबमध्ये साखर तपासायला गेले. हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासासरशी मी नव्वदच्या सुमारास धुळ्याजवळच्या आमच्या घरी पोचले.

त्या दिवशी मुंबईचे एक संशोधक डॉक्टर घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायला आले होते. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हातपाय आपोआप नाचायचे. आजोबांचेही तसेच नाचत. हा आजार रक्तातून उतरतो, असं डॉक्टर म्हणाले. पण पाहुण्याला उपाशी धाडायची रीत नव्हती, म्हणून रक्त देऊन झाल्यावर मोठी बहीण अक्का पुरणाचे मांडे करायला चुलीपुढे बसली.

मांडा दोन्ही हातांवर खेळवत ती मोठा करी आणि उलट्या खापरावर टाकी. बोटं नुसती नाचत.

"इन्हासारखा मांडा बठ्ठा गावमा कोनी करत नही," आई म्हणाली.

"सगळ्या गावात कुणी नाही? मग सासरी पाठवूच नका," डॉक्टर हसले. लग्न ठरलेली अक्का लाजली.

पुढचा मांडा खापरावर पडला. अक्काने रिकामे हात मांडीवर ठेवले, तरी बोटं थांबली नाहीत. आम्ही त्याला कसब समजत होतो. डॉक्टरांचा घास मात्र हातातच राहिला. त्यांनी अंगणातल्या आबांकडे पाहिलं, मग अक्काकडे.

"ताई, हात जरा समोर धरा बरं. अगदी स्थिर."

अक्काला वाटलं, मांड्यांचंच कौतुक चाललंय. तिने हसत पिठाचे दोन्ही हात पुढे केले.