मागच्या दारापाशी ठेवलेला कप

हिप्पी म्हटलं की आमच्या चर्चमधले माझ्या वयाचे लोक अजूनही गांजा आणि वाढलेले केस एवढंच सांगतात. मला मात्र नांदुऱ्याच्या फलाटावर तापानं फणफणलेली एक गोरी मुलगी आठवते. तेव्हा माझ्यासारखीच विशीतली. कलकत्त्याकडे निघालेल्या तिच्या सोबत्यांनी तिला गाडीतून उतरवून बाकावर बसवलं आणि ते पुढं निघून गेले. माझी आई दवाखान्यात नर्स होती. स्टेशनवरून निरोप आला तशी ती गेली आणि पोरीला टांग्यात घालून थेट घरीच घेऊन आली.

माझी खाट गेली म्हणून मी रुसले. संध्याकाळी आमचे पाळक आले. "बाई, असल्या पोरीले घरात काऊन ठेवता?"

"तिले ताप हाय," आई म्हणाली. "बाकीचं मंग पाहू."

टायफॉइड निघाला. ती महिनाभर राहिली. उठून बसायला लागल्यावर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही बोलायचो. एकदा म्हणाली, "आमच्या घरी रोज जेवणाआधी प्रार्थना व्हायची. मग जेवण संपेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी देवाला सोडून नाही निघाले, त्या टेबलावरून उठले."

एका सकाळी तिनं स्वतःच चहा ओतून घेतला, तो नेमका मागच्या दारापाशी ठेवलेल्या कपात. तो कप संडास झाडायला येणाऱ्या मावशींचा. मी घाईनं म्हटलं, "तो नको, तो वेगळा आहे."

"का?"

येशू कोणाकोणाच्या पंगतीला बसला, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचे. तरी मी तिच्यापुढं दुसरा कप ठेवला. चुलीपुढं बसलेली आई ऐकत होती. इंग्रजी तिलाही कळायचं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा तिनं त्यांना आत बोलावलं, आमच्याच कपात चहा दिला आणि शेजारी बसून स्वतःही प्यायली.

"सवय नाही बाई," मावशी अवघडून म्हणाल्या.

त्यांना सवय व्हायला दोन महिने लागले. मला जास्तच.

आईच्या आग्रहानं त्या मुलीनं घरी पत्र लिहिलं. उत्तर आलं, मागोमाग तिकीट आलं आणि ती गेली. काही वर्षं नाताळला तिची पत्रं यायची, मग थांबली.

त्या पिढीच्या हातून पुष्कळ चुका झाल्या. नशेपायी तिचे किती मित्र वाया गेले, हे तिनंच मला रडत सांगितलं होतं. पण आम्ही चर्चमध्ये दर रविवारी जे म्हणायचो, ते तिनं खरं धरलं आणि सरळ विचारलं. मला घडवणाऱ्या माणसांसाठी देवाचे आभार मानते, तेव्हा आईनंतर मी तिचं नाव घेते.