बाराच्या आत बंद झालेली तक्रार

व्यावसायिकता ही कोणत्याही समाजाच्या सुसंस्कृतपणाची खरी कसोटी असते, असं माझं मत होतं. ते मी जर्मनीत सहा आणि इंग्लंडमध्ये चार वर्षं राहून कमावलं होतं, आणि लोणावळ्याला परतल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते.

पुरावे जरा कच्चे होते. जर्मनीत वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा दहाच्या ठोक्याला आला, त्याने एकदा बेल वाजवली, आणि मी ओल्या हातांनी दार उघडेपर्यंत ‘घरी कुणी नव्हते’ अशी चिठ्ठी चिकटवून गेला. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. इंग्लंडमध्ये ऐन थंडीत गरम पाणी बंद झालं, तेव्हा फोनवरच्या बाईंनी माझी अडचण आपण पूर्णपणे समजू शकतो, असं मला नऊ वेळा सांगितलं. पाणी गारच राहिलं. तरी तिकडे एक पद्धत आहे, असं मी म्हणत असे.

त्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला वडिलांचं ऑक्सिजनचं यंत्र ओरडायला लागलं आणि त्याचा लाल दिवा लागला. वडिलांची फुप्फुसं दोन वर्षांपासून त्या यंत्राच्या भरवशावर आहेत. ते बंद पडलं तर म्हणून कोपऱ्यात एक लहान सिलिंडर असतो. नळी त्याला जोडली. काटा पाहिला. फार तर तीन तास.

कंपनीकडे तक्रार नोंदवली. मग डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, “काटा लाल पट्ट्यात गेला की थांबू नका, घेऊन या.” पण रविवार होता. धुकं पाहायला आलेल्यांच्या गाड्या आमच्या फाटकापासून चौकापर्यंत एकीला एक चिकटून उभ्या होत्या. रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला, “ताई, येतो नक्की. कधी ते विचारू नका.”

पावणेबाराला मी खिडकीतून त्या गाड्या पाहत होते, तेव्हा आई माझ्या फोनवर कुणाशी तरी अगदी आपुलकीने बोलत होती. “हो रे. सांगते. चार, सात, शून्य, नऊ.”

“आई, कोण होतं?”

“दुरुस्तीवाला. पवनेकडे, तिकोणा पेठ गावात आहे. निघतोय.”

“आकडे कसले सांगितलेस?”

“तुझ्या फोनवर आलेले. त्यानेच मागितले.”

ते आकडे काम पूर्ण झाल्यावर द्यायचे असतात. ते दिले की काम झालं, गिऱ्हाईक समाधानी आहे, अशी नोंद होते. मी कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा अतिशय सौजन्याने म्हणाला, “मॅडम, तुमची तक्रार अकरा सत्तेचाळीसला सोडवलेली दिसतेय. नवीन घेऊ का? अठ्ठेचाळीस तास लागतील.”

मी आईवर ओरडले. अशी ओरडले, की वडिलांनी डोळे उघडले.

“बाराच्या आत तक्रार बंद नाही झाली तर त्याच्या नावावर लाल खूण पडते म्हणाला,” आई म्हणाली. “येणार आहे तो.”

“तक्रार बंद झालीय, आई! आता तो कशाला येईल?”

“तक्रार बंद झाली. तो कुठे बंद झालाय?”

मी त्याला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पवनेच्या बाजूला डोंगराआड फोन लागत नाही हे मला माहीत होतं. खोटं बोलणाऱ्याचाही लागत नाही, हेही माहीत होतं. साडेबारा झाले. वडिलांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर एक्क्याण्णव होते, मग एकोणनव्वद. काटा लाल पट्ट्याला टेकला.

“जर्मनीहून माणूस मागव,” वडील दोन श्वासांत म्हणाले.

मी त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. पिशवीची चेन लागेना. आई फाटकाशी जाऊन उभी राहिली.

एकला दहा कमी असताना एक मोटारसायकल गाड्यांच्या रांगेकडे दुर्लक्ष करून गटाराच्या कडेकडेने आली. पन्नाशीचा माणूस, डोक्यापासून चिखल. चपला दाराबाहेर काढून तो आत आला.

“दुधिवऱ्याच्या खिंडीत लय गर्दी, मावशी. आबा कुटं हायत?”

“मला वाटलं तुम्ही येणार नाही,” मी म्हणाले.

त्याला राग आला नाही, नवल वाटलं. “मावशींना येतो म्हनलं व्हतं की.”

त्याने यंत्र पडद्यामागून ओढलं, पाठीवर हात फिरवला आणि एक जाळी काढून उजेडात धरली. ती करड्या लोकरीच्या तुकड्यासारखी दिसत होती.

“ताई, ही कवा धुतलीवती?”

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

“ह्याला श्वासच घेता येईना, मग त्ये आबांना काय देनार?” त्याने पिशवीतली नवी जाळी बसवली, यंत्र भिंतीपासून हातभर लांब ठेवलं आणि चालू केलं. दिवा लाल राहिला. मग तो पिवळा झाला, आणि मी सेकंद मोजायचं विसरले तेव्हा कधीतरी हिरवा. वडील त्र्याण्णववर आले, तेव्हाच तो चहाला बसला.

तो गेल्यावर मी कंपनीला लिहायचं ठरवलं. काम होण्याआधी आकडे मागण्याच्या पद्धतीबद्दल, सविस्तर. यंत्राचा क्रमांक हवा होता म्हणून माहितीपुस्तिका काढली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती. पान चारवर लिहिलं होतं, की मागची जाळी दर आठवड्याला धुवावी.

पुस्तिका सहा भाषांत आहे. त्यांतल्या तीन मला येतात.