ब्याण्णवचे बासष्ट

"तक्ता फार वाईट दिसतोय गं," गणिताच्या बाई मराठीत म्हणाल्या. माझ्या डोक्यावरून. मी त्यांच्या पायाशी तरटाच्या टाटपट्टीवर बसून तोच तक्ता आखत होते.

"का? काय झालं?" संस्कृतच्या बाईंनी विचारलं.

"शेवटची ओळ बघ. गणितात पहिली कोण? तर ह्यांच्यातली. आपल्या मुली तिच्या खाली. हा वर पाठवायचाय. साहेब लोक काय म्हणतील?"

"मग नवाचं तोंड फिरव. सहा होतो. परेशान कशाला होतेस?"

"नववीत गणित मागेल ही."

"गृहविज्ञानात टाक. पोळ्या लाटेल."

"हिच्या हातच्या पोळ्या खाणार कोण?"

दोघी हसल्या. मनापासून. खोटं कशाला बोलू, वाक्य जमलं होतं. टाळी पडावी असं. फक्त ही म्हणजे मी होते.

बनारसमधलं सरकारी मुलींचं इंटर कॉलेज. नाव कॉलेज, आत सहावीच्या पोरी फ्रॉक घालून. आठवीचा निकाल लागला की प्रत्येकीच्या आयुष्याचा फैसला व्हायचा: नववीत गणित, नाहीतर गृहविज्ञान. मार्क चांगले तिला गणित. बाकीच्यांना चूल. मला गणित हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

दरवर्षी एक तक्ता वर जायचा. कुठल्या जातीच्या किती मुली, किती पास, कुठल्या रांगेत सगळ्यात जास्त मार्क किती आणि कुणाचे. माझ्या रेघा सरळ येत, म्हणून आखायला मला बोलवत. खुर्ची मात्र देत नसत. टेबलाला हात लागेल ना!

आता गंमत ऐका. त्या दोघी माझ्यासमोर एवढं मोकळं का बोलल्या? कारण मला मराठी येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दोघी घाटावरच्या जुन्या मराठी घरांतल्या, एक ब्रह्मा घाटावरची, दुसरी भोसले घाटाच्या वरच्या गल्लीतली. मराठी म्हणजे त्यांचं कुलूपबंद कपाट. मी विदर्भातल्या सांधेवाल्याची पोर. बाबा रेल्वेत रुळांचे सांधे बदलायला लागले, बदली होऊन इथे आले. शाळेच्या अर्जावर त्यांनी आपल्या पद्धतीनं आधी 'कु.' लिहिलं, मग माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. कारकून म्हणाला, "कुमारी? ठीक है।" त्यानं ते कुमारी उचललं, माझ्या नावाच्या शेवटी चिकटवलं आणि रजिस्टर मिटलं. आडनाव गळालं. बाबा तिथेच उभे होते. म्हणाले, "राहू दे." कारकुनाची चूक त्यांनी का राहू दिली, ते मला त्या टाटपट्टीवर कळलं. जातीच्या रकान्यात मी होतेच. पण मराठी म्हणून कुणाला सापडले नव्हते.

तेवढ्यात गणिताच्या बाई वाकल्या. आवाजात साखर. हिंदीत म्हणाल्या, "बेटा, अपने नाम के आगे बासठ लिखो।"

माझ्याच हातानं! शंभरातले ब्याण्णव त्यांनीच लाल शाईनं दिले होते, पेपर मी पाहिला होता. आता माझे तीस मार्क मीच पुसायचे, तेही सुवाच्य अक्षरात.

मी टाक दौतीत बुडवला. ९२ लिहिले. एवढे मोठे की रकान्याबाहेर गेले.

"अरे! क्या लिखा?"

दारात बडी बहनजी उभ्या. म्हणजे मुख्याध्यापिका. "हो गया तक्ता?"

मी उठले. फ्रॉक झटकला. नाटकात काम मला कुणी दिलं नव्हतं कधी, ते मी त्या दिवशी घेतलं. "बहनजी, ये दोनों क्या बात कर रही थीं, मैं बताऊँ?" आणि सगळं हिंदीत करून सांगितलं. ओळीन् ओळ. दोघींचे आवाज काढून. नवाचं तोंड हवेत बोटानं फिरवून दाखवलं. शेवटी कमरेवर हात ठेवून, "इसके हाथ की रोटी खाएगा कौन?" आणि त्यांच्यासारखी हसले.

मग संस्कृतच्या बाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई! तू मराठी? आपल्यातली? सांगायचं नाही का आधी! आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. गावासकट.

उजेड गेला. "तरीच," त्या म्हणाल्या.

न्याय झाला असेल असं वाटतंय तुम्हाला? बडी बहनजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ज़बान बहुत चलती है तुम्हारी।" तक्ता फाडला. दुसऱ्या मुलीकडून नवा आखून घेतला. रेघा वाकड्या आल्या. चालल्या. मी बासष्ट. मला गृहविज्ञान.

संध्याकाळी सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "आडनाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

बराच वेळ बूट काढत राहिले. मग म्हणाले, "उद्या जाशील ना शाळेत?"

गेले. नववीत गणिताच्या तासाला मी त्या वर्गाच्या दारात जाऊन बसायची. हजेरीत माझं नाव नाही. शेवटचं नाव झालं की मी ओरडायची, "उपस्थित, बहनजी!" हाकलायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उपस्थित!" पोरी हसायच्या, बाईंचा खडू तुटायचा. वर्षभर. माफी त्यांनी मागितली नाही. मीही त्यांना कधी माफ केलं नाही. पुढे गणिताची परीक्षा मी बाहेरून दिली, शाळेच्या दयेशिवाय.

आज मी एका सरकारी इंटर कॉलेजात गणित शिकवते. तक्ता अजून वर जातो. रकाने तेच. स्टाफरूममध्ये आवाज खाली येतात, भाषा बदलते, कुणीतरी म्हणतं, "ह्यांच्यातली पहिली आली यंदा, दिसायला बरं नाही." मराठीत म्हणतात, भोजपुरीत म्हणतात, इंग्रजीतही म्हणतात. मला तिन्ही येतात.

तक्ता मी आखते. टेबलावर, खुर्चीत बसून, मार्क ज्या पोरीचे तिला शेजारच्या खुर्चीत बसवून. कुणाला नवाचं तोंड फिरवायचं असेल तर तिच्यासमोर सांगा. मी तिच्या भाषेत, मोठ्यानं, तुमच्याच आवाजात तिला ऐकवीन. आकडा बदलणार नाही.