टोल्यानंतरचा नाद

माझा मित्र यशवंत गेल्याची बातमी त्याच्या पुतण्याने, सुनीलने, फोनवर दिली आणि त्याच दमात म्हणाला, "सुटले काका. शेवटी भ्रमिष्टच झाले होते हो. काळ्या स्क्रीनसमोर बसून असायचे." शोकसभेतही हेच सांगण्यात आले. मी उठून हरकत घेतली, तर मागून कोणीतरी म्हणाले, "आजोबा, बसा ना." बसलो. म्हणून हे लिहितो आहे.

करी रोडला चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या त्याच्या खोलीत निवृत्तीनंतरच्या माझ्या संध्याकाळी गेल्या. साक्ष माझी धरावी. भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक तिथे संगणकावर काचेचे एक कडे घडवत असे, डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान, निव्वळ आकड्यांचे. त्यात प्रकाशाचा क्षणभर झोत सोडायचा, बंद करायचा आणि पाहत राहायचे. फेरी पुरी करून जी लाट स्वतःशीच जुळते ती फिरत राहते, बाकीच्या विझतात. जी उरते तो त्या कड्याचा स्वतःचा अनुनाद... झोत थांबला की पडदा जवळजवळ काळा पडे. यशवंताचे काम तिथून सुरू होई.

मी गणिताचा शिक्षक, स्वभावाने उतावळा. "अरे, संपलं की! चहा तरी टाक."

तो टेबलावरची आईची काशाची वाटी तळहातावर घेई, पेन्सिलीने टोला मारी. "टोला माझा, मास्तर. पुढचा नाद वाटीचा. थांब जरा."

"वाटीतून चहा मिळणार आहे का?"

"गप्प बसलास तर मिळेल."

त्याला विसर पडू लागला होता, हे मी नाकारत नाही. अखेरच्या भेटीत त्याने मला आपल्या दिवंगत भावाच्या नावाने हाक मारली... मी ओ दिली. मग सवयीने चहाचे काढले, तेव्हा पडद्यावरची नजर न हलवता त्याने बोट वर केले. थांब. ज्याला भाऊ आणि मित्र यांतला फरक कळेनासा झाला होता, त्याला कशाची वाट पाहायची हे पक्के ठाऊक होते. सुनीलने याला खुशाल भ्रम म्हणावे. मी म्हणणार नाही.

संगणक सुनीलने कोणाला तरी देऊन टाकला. वाटी मी मागून घेतली. परळच्या माझ्या घरी संध्याकाळी तिला टोला मारतो. आता थांब म्हणणारे कोणी नाही... नाद ऐकू येईनासा होतो, आणि तरीही चहा टाकायला मी उठत नाही.