दुखणुकलं

बिटापासून साखर कशी काढायची, याचं पाच वर्षांचं शिक्षण कीव्हमध्ये घेऊन इल्देलिसा बारोसो क्युबाला परतली, तेव्हा आपल्या देशात फक्त ऊस पिकतो ही अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. तिला ती आधीपासून माहीत होती. पाठवणाऱ्या खात्याला नसावी. मग तिला एका बिस्किटांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायला दिलं. १९९० साली चेर्नोबिलच्या आसपासची आजारी मुलं विमानांनी हवानाला येऊ लागली आणि त्यांची भाषा समजणारी माणसं कुठे आहेत याचा शोध सुरू झाला. इल्देलिसाला पंधरा दिवसांसाठी म्हणून बोलावलं. ती एकवीस वर्षं राहिली.

मुलांची वसाहत समुद्राकाठी होती. मी तिथल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघायचो. खिडकीतून इल्देलिसा सायकलवरून येताना दिसायची. उंच, हाडापेराने दणकट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ती दुभाषी होती आणि दुभाष्याबद्दल तिचं एकच मत होतं. "मी नळ आहे," ती म्हणायची. "पाणी गोड की खारं, ते टाकीला विचारा." एकदा एका युक्रेनियन आजीने काळ्या घेवड्याच्या आमटीवरून आमच्या आचाऱ्याला शिव्या घातल्या. इल्देलिसाने त्या एकही न गाळता, आजीच्याच आवाजात, त्याच्यापर्यंत पोचवल्या. आचारी महिनाभर तिच्याशी बोलला नाही. आजीशी मात्र बोलत होता.

आम्हा क्युबन लोकांच्या बोलण्याला एक खोड आहे. कुठल्याही शब्दाला शेपूट लावून आम्ही तो लहान करतो. कॉफीची कॉफुली, सुईची सुयुली. छप्पर उडालं तरी ते वादळुकल्याने उडतं. (कॉफी त्या दिवसांत खरोखरच कॉफुली होती, आणि तीही निम्मी भाजलेल्या वाटाण्याची.) डॉक्टर एवेलिओ मिराबाल या बाबतीत आमच्या सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्या तोंडून मोठा आजार मी कधी ऐकलाच नाही. निदान ते अचूक करत, आणि मग त्याला धुऊन, पावडर लावून, दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात देत.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात यारिना नावाची चौदा वर्षांची मुलगी घरी निघाली होती. ओव्रुचजवळच्या खेड्यातली. तिला रक्ताचा कॅन्सर होता. वर्षभर औषधं झाली, रक्त स्वच्छ झालं, केस बोटभर वाढले. गुरुवारच्या विमानात तिची आणि आई तायसियाची जागा ठरली होती. निघण्यापूर्वी शेवटची तपासणी म्हणून सोमवारी तिच्या हाडातला मगज माझ्याकडे आला. काच मी तीनदा पाहिली. मग आकडा लिहून डॉक्टरांकडे पाठवला. आकड्याला शेपूट लावायची सोय अजून निघालेली नाही.

डॉक्टरांनी मायलेकींना बोलावलं. मध्ये इल्देलिसा.

"बाई, एक अडचणुकली आलीय," डॉक्टर म्हणाले. "दुखणुकलं जरासं परतलंय. थोडुसे दिवस थांबलात तर बरं."

इल्देलिसाने ते जसंच्या तसं, सगळ्या शेपटांसकट, युक्रेनियनमध्ये सांगितलं. त्या भाषेतही शब्द लहान करता येतात, त्यामुळे कष्ट पडले नाहीत.

तायसिया हसली. "एवढंच ना? थोड्या दिवसांचं असेल तर आमच्याकडेही डॉक्टर आहेत." तिने मिराबालांचे दोन्ही हात हातात घेतले, तीन वेळा धन्यवाद दिले आणि ती बॅग भरायला गेली. मिराबालांना वाटलं, बाई धीराची आहे. जाण्याआधी पुन्हा समजावू.

मंगळवारी सकाळी इल्देलिसा त्यांच्या खोलीवर साबण द्यायला गेली. तायसिया शिंपले मोज्यांत भरत होती आणि गात होती. यारिना खिडकीत बसून बाहेर बघत होती.

"झालं का ते दुखणुकलं बरं?" इल्देलिसाने विचारलं. आपण गंमत करतोय असं तिला वाटलं.

"घरी गेल्यावर होईल," तायसिया म्हणाली. "आजाराला लाडाचं नाव पडलं म्हणजे आजार संपला. माझी आई भाकरीला लाडाने हाक मारायची, मिठाला मारायची, गाईला तर रोज वेगळं नाव. पण तिच्या क्षयाला तिने कधी लाडाने हाक मारली नाही. 'तो' म्हणायची नुसतं."

इल्देलिसाचा हात साबणावरच राहिला. कीव्हच्या वसतिगृहातली रखवालदारीण तिला आठवली. खारवलेल्या माशालासुद्धा बाळ म्हणणारी. आणि संधिवाताला? संधिवाताला ती जे म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही. पाच वर्षं इल्देलिसा हे ऐकत होती. आमच्याकडे भीतीच्या गोष्टीला शेपूट लावतात, त्यांच्याकडे प्रेमाच्या. शब्द अगदी बरोबर पोचला होता. अर्थ उलटा होऊन.

ती तिथून तडक माझ्याकडे आली. दार वाजवलं नाही.

"काचेत काय होतं?"

"अहवाल डॉक्टरांकडे दिलाय."

"मी तुला विचारतेय. आणि शेपूट लावलंस तर ही काच तुझ्या डोक्यात घालेन."

"शंभरातल्या साठ पेशी वाईट," मी म्हणालो. "दुखणं पूर्ण परत आलंय. तिकडे त्यांच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात औषधं नाहीत, तूच सांगितलंयस. गेली तर वसंतापर्यंतसुद्धा..."

"पुरे."

ती खुर्चीत बसली. चष्मा काढून पुसला. दोरा सुटला, तो पुन्हा बांधला. "नळ," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुढे जो शब्द वापरला तो बहुधा त्या रखवालदारणीचा असावा.

मिराबाल त्या दिवशी शहरातल्या इस्पितळात होते. बुधवारी सकाळी आठला तिने त्यांना त्यांच्या दारातच गाठलं. मी अहवालाची प्रत घेऊन मागे उभा होतो. तिनेच उभं केलं होतं.

"डॉक्टर, बाईला वाटतंय पोरगी बरी आहे. आता पुन्हा सांगा. यावेळी एकही शब्द लहान करायचा नाही."

"मी कुठे लहान करतो?"

"परवा तुम्ही म्हणालात दुखणुकलं."

"मग काय म्हणू?" मिराबाल खरोखरच गोंधळले. "इल्दे, राणी, एका आईला तोंडावर... माणूस असं बोलतो का? माझी आई गेली तेव्हा मी भावालासुद्धा सांगितलं, आई जराशी गेली."

"आणि त्याला काय समजलं?"

"सगळं समजलं. तो क्युबन आहे."

"ही नाही."

मायलेकी आल्या. तायसियाने प्रवासाचा कोट घातला होता. हवानात ऑक्टोबरमध्ये कोट घालायला बराच आनंद लागतो. डॉक्टर टेबलाच्या पुढे येऊन बसले, घाम पुसला आणि सुरुवात केली. "बाई, ते आजा... आजारु..."

इल्देलिसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने ते केलं जे तीन वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यांनी वाक्य पुरं करायच्या आत ती स्वतःच बोलली.

"तायसिया, रक्ताचा कॅन्सर परत आलाय. पूर्ण परत आलाय. सोमवारी मी तुला चुकीचं सांगितलं. चूक डॉक्टरांची नाही, माझी आहे. उद्या विमानात बसलात तर पोरगी जगणार नाही."

खोलीत पंखा फिरत होता. तायसियाने कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. मग तिथेच थांबली.

"मला माहीत होतं," यारिना म्हणाली. आईकडे न बघता. "सोमवारपासून."

"तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनीच. मी वर्षभर यांचं बोलणं ऐकतेय, आई. ज्या दिवशी सुयुली म्हणतात त्या दिवशी पाठीत टोचतात."

"मग बोलली का नाहीस, कार्टे?"

"तू गात होतीस."

तायसियाने तिच्या पाठीत एक हलकीशी चापट मारली आणि तोच हात तिथे ठेवून दिला. मग इल्देलिसाला म्हणाली, "त्यांना विचार. राहिलो तर वाचेल का?"

इल्देलिसाने विचारलं. मिराबालांनी पोरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आशुली आहे."

इल्देलिसा थबकली. "डॉक्टर, हे शेपूट सवयीचं आहे की खरं?"

मिराबालांनी अहवाल पुन्हा उघडून पाहिला. "खरं आहे," ते म्हणाले. "अशा तीन मुलांत एखादं वाचतं. गेल्या वेळेपेक्षा औषधं कडक. सात-आठ महिने. आणि मध्येच काही होऊ शकतं."

हे तिने सगळं सांगितलं. आशाही जेवढी होती तेवढीच लहान करून सांगितली. तायसियाने "तीनात एक" हे दोनदा म्हणवून घेतलं. मग ती यारिनाकडे वळली. "तू काय म्हणतेस?"

"मी वर्षभर टोचून घेतलंय," यारिना म्हणाली. "मला घरी जायचंय."

"हो."

"पण जाऊन मरायचं नाहीये."

"मग?"

"मग कोट काढ, आई. तुझ्याकडे बघून मलाच उकडतंय."

तायसियाने कोट काढला, घडी करून मांडीवर घेतला आणि औषध कधी सुरू होणार ते विचारलं. मिराबाल म्हणाले, उद्या नऊला.

गुरुवारी सकाळी विमानतळाकडे जाणारी बस वसाहतीच्या फाटकात उभी होती. तायसियाने गावच्या एका बाईबरोबर नवऱ्याला चिठ्ठी दिली. देण्याआधी इल्देलिसासमोर धरली. "तू शब्दांतली माणूस. बघ, कमी-जास्त झालंय का."

चिठ्ठी चार ओळींची होती. यारिनाचा कॅन्सर परत आलाय. आम्ही राहतोय, उन्हाळ्यापर्यंत तरी. लसूण तूच लाव, महिना संपायच्या आत. तुझ्या आईला सांगू नकोस, मी लिहीन.

इल्देलिसाने ती वाचली आणि परत दिली. "बरोबर आहे," ती म्हणाली.

बस सुरू झाली. आतल्या मुलांनी हात हलवले, यारिनाने एकदाच हलवला. नऊ वाजायला दहा मिनिटं होती. तिघी वॉर्डाकडे चालू लागल्या, आणि मी प्रयोगशाळा उघडायला गेलो.